जानेवारीचे पंधरा दिवस आणि न झालेला करार

१९ जानेवारी २०२६ च्या रात्री इंडियाना विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने मायामी विद्यापीठाला २७-२१ असे हरवले आणि १६-० अशा अपराजित हंगामासह राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. फुटबॉल म्हणजे इथे अर्थातच अमेरिकन फुटबॉल. २०२३ मध्ये हाच संघ १२ पैकी ९ सामने हरला होता, आणि पराभवांच्या एकूण यादीत ब्लूमिंग्टनच्या या विद्यापीठाचे नाव वर्षानुवर्षे सर्वांत वर असे. सामना संपला आणि लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, हे विजेतेपद विकत घेतलेले आहे. ट्रान्सफर पोर्टलने आणि पैशाने विद्यापीठीय खेळ संपवला. दुसरा म्हणतो, बाजार खुला झाला म्हणून तर तळाचा संघ वर आला. आता कोणतेही बंधन नको. हा वाद गेली चार-पाच वर्षे दर ऑफ-सीझनला होतो, आणि दोन्ही बाजू तो चुकीच्या जागी उभ्या राहून घालतात. खेळाडूंना संघ बदलण्याची मोकळीक मिळाली हे योग्य झाले, पैसा मिळू लागला हेही योग्य झाले. बिघाड वेगळ्या ठिकाणी आहे. ही मोकळीक न्यायालयांच्या आदेशांतून तुकड्यातुकड्याने आली, आणि तिला आकार देणारा करार खेळाडूंशी समोरासमोर बसून करायला विद्यापीठे आजही तयार नाहीत. आज दिसणारा सगळा गोंधळ या एका नकारातून निघालेला आहे.

पोर्टल म्हणजे काही लिलाव नव्हे. ती विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची एक यादी आहे. १५ ऑक्टोबर २०१८ ला ती सुरू झाली. त्याआधी खेळाडूला दुसऱ्या विद्यापीठाशी बोलायचे तर आपल्या विद्यापीठाची परवानगी लागे, आणि ती नाकारता येत असे. आता खेळाडू आपल्या विद्यापीठाच्या नियमपालन कार्यालयाला लेखी कळवतो, कार्यालयाला दोन कामकाजाच्या दिवसांत नाव यादीत टाकावे लागते, आणि नाव दिसले की इतर प्रशिक्षक फोन करू शकतात. नाव टाकले म्हणजे जागा मिळाली असे नाही. चालू सत्र संपताच जुने विद्यापीठ स्कॉलरशिप थांबवू शकते, आणि नाव मागे घेतले तरी जुन्या प्रशिक्षकाने परत घ्यायलाच हवे असे बंधन नाही. दर वर्षी कित्येक मुले या यादीत अडकून राहतात आणि त्यांची बातमी होत नाही. फुटबॉल-बास्केटबॉलमध्ये संघ बदलला की एक वर्ष बाहेर बसण्याची जुनी अट एप्रिल २०२१ मध्ये पहिल्या बदलापुरती उठली. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या संघीय न्यायालयाने दुसऱ्या-तिसऱ्या बदलावरची अडवणूकही रोखली, आणि एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने, म्हणजे विद्यापीठीय खेळांचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने, अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला हवे तितक्या वेळा बदल करू देण्याचा नियमच केला. तीन वर्षांत एवढा बदल झाला, आणि त्यातले एकही पाऊल खेळाडूंशी वाटाघाट करून पडलेले नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला रणजी क्रिकेटचे उदाहरण जवळचे आहे. एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जयस्वालने गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे ना-हरकत प्रमाणपत्र मागितले आणि मे महिन्यात ती विनंती मागे घेतली. ती पद्धत आदर्श आहे असे नाही, पण खेळाडू हलतो तेव्हा त्याच्याबरोबर एक कागद हलतो आणि त्या कागदाला दोन्ही संघटना बांधील असतात. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी ना-हरकतीची जुनी, जाचक पद्धत गमावली आणि तिच्या जागी दुसरा कोणताच कागद आणला नाही.

आता वेळापत्रक पाहा. फुटबॉलचे पोर्टल २०२६ मध्ये २ ते १६ जानेवारी असे पंधरा दिवस उघडे होते. एप्रिलमधली दुसरी मुदत रद्द झाली. या तारखांमागचे कारण मैदानावरचे नाही, वर्गातले आहे. वसंत सत्र जानेवारीच्या मध्याला सुरू होते, नाव नोंदवण्याची शेवटची तारीख चुकली तर खेळाडू वसंतातल्या सरावाला मुकतो, आणि नव्या संघाची खेळण्याची भाषा, म्हणजे खुणा, रचना, चालींची नावे, तिथेच शिकायची असते. पण याच पंधरा दिवसांत उपांत्य फेरी झाली आणि अंतिम सामना तर मुदत संपल्यावर तीन दिवसांनी झाला. त्या दोन संघांना पाच दिवसांची जादा मुदत द्यावी लागली ती यामुळे. बास्केटबॉलची गत वाईटच होती. २०२५ मध्ये पोर्टल २४ मार्चला उघडले आणि राष्ट्रीय अंतिम सामना ७ एप्रिलला झाला. सोळा संघ अजून स्पर्धेत होते आणि त्यांचे प्रशिक्षक दिवसा सरावाची आखणी करून रात्री पुढच्या वर्षाचे खेळाडू शोधत होते.

पैशाचे गणित असे. ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. माजी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई, आणि यापुढे प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा. २०२५-२६ साठी कमाल मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर. स्कॉलरशिपच्या संख्येवरची बंधने गेली, संघाच्या आकाराची आली: फुटबॉलला १०५, पुरुष बास्केटबॉलला १५. अनेक मोठ्या विद्यापीठांनी भरपाईच्याच सूत्रावर वाटणी केली आहे, म्हणजे ७५ टक्के फुटबॉल, १५ टक्के पुरुष बास्केटबॉल, ५ टक्के महिला बास्केटबॉल, ५ टक्के बाकी सारे. त्या हिशेबाने फुटबॉलला सुमारे १ कोटी ५४ लाख येतात, डोईमागे दीड लाखाच्या आत. एका क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या मुख्य खेळाडूला, २० लाख दिले तर उरलेल्या १०४ जणांची सरासरी १ लाख २९ हजारांवर येते. नव्याने वाढवलेल्या स्कॉलरशिप २५ लाखांपर्यंत याच मर्यादेत मोजल्या जातात, म्हणजे प्रत्यक्ष हातात येणारी रक्कम आणखी कमी. त्यामुळे खरी चढाओढ मर्यादेबाहेरच्या पैशाची असते, म्हणजे देणगीदार आणि कंपन्यांकडून मिळणाऱ्या नाव-प्रतिमा वापराच्या करारांची. ६०० डॉलरवरचा असा प्रत्येक करार आता कॉलेज स्पोर्ट्स कमिशनकडे नोंदवावा लागतो आणि तो खऱ्या जाहिरातीचा आहे की पगाराचा मुखवटा आहे हे तपासले जाते. मुखवटा ओळखायचा कसा, यावरच पुढचे खटले उभे राहतील.

‘हे तर आयपीएल झाले’ असे आपल्याकडचे लोक म्हणतात. तसे झाले असते तर स्थिती पुष्कळ बरी असती. आयपीएलमध्ये २०२५ साठी प्रत्येक संघाची थैली १२० कोटी रुपयांची होती, खेळाडू करारबद्ध होता, किती जणांना कायम ठेवायचे याचा नियम आधी ठरलेला होता. विद्यापीठीय खेळात मर्यादा आहे, पण खेळाडूला एका हंगामापलीकडे बांधणारे असे काहीच सर्वमान्य नाही.

विरोधकांचे म्हणणे पोकळ नाही. सर्वांत भक्कम आक्षेप शिक्षणाचा आहे. एनसीएएच्या नियमाने खेळाडूने तिसरे वर्ष सुरू होण्याआधी निवडलेल्या पदवीचा ४० टक्के, चौथ्याआधी ६० टक्के आणि पाचव्याआधी ८० टक्के अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. पदवी १२० श्रेयांकांची धरा. दोन वर्षांत मुलाने ६० मिळवले आणि विद्यापीठ बदलले. नवे विद्यापीठ साठही मान्य करते, पण त्याच्या अभियांत्रिकी किंवा वाणिज्य विभागाच्या चौकटीत त्यातले ३६ बसतात; बाकीचे ऐच्छिक म्हणून लोंबकळतात. हवे असतात ४८. मग खेळ विभागाचा अभ्यास-सल्लागार तोडगा काढतो: विषय बदल, ज्यात सगळे बसते असा ‘सामान्य अध्ययन’ छापाचा अभ्यासक्रम घे. मुलगा मैदानावर पात्र ठरतो आणि ज्यासाठी शिकायला आला ते सुटते. दोनदा बदल केला की पुन्हा तेच, कारण प्रत्येक विद्यापीठाची स्वतःची अट असते की पदवीचे इतके श्रेयांक आमच्याकडेच मिळवलेले हवेत. हे नुकसान खरे आहे आणि मोकळीकवाल्यांनी ते झाकू नये.

पण हा आक्षेप घेणारे कोण आहेत? ऑगस्ट २०२४ पासून लॉस एंजेलिसचे यूसीएलए आणि न्यू जर्सीचे रटगर्स एकाच ‘बिग टेन’ गटात खेळतात, आणि पॅसिफिकच्या किनाऱ्यावरची स्टॅनफर्ड व बर्कली ‘अटलांटिक कोस्ट’ गटात. दूरचित्रवाणीच्या पैशासाठी विद्यापीठांनीच हे केले. मंगळवारी रात्री तीन कालपट्टे ओलांडून खेळलेल्या बास्केटबॉलपटूचा बुधवारचा वर्ग बुडतो तेव्हा शिक्षणाची काळजी कुठे असते? काळजी असेल तर उपाय सोपा आणि मोजता येणारा आहे. सही करण्याआधी नव्या विद्यापीठाच्या विभागाने, खेळ विभागाने नव्हे, कोणते श्रेयांक कोणत्या पदवीत बसतील हे लेखी द्यावे, आणि खेळणे संपल्यावर पदवी पुरी होईपर्यंतची फी विद्यापीठाने भरावी. ही कराराची कलमे आहेत. बंदीने ती मिळत नाहीत.

दुसरा आक्षेप लहान विद्यापीठांचा. ती आता मोठ्यांची रोपवाटिका झाली आहेत, असे म्हटले जाते. बास्केटबॉलमध्ये हे बरेच खरे आहे. २०२५ च्या फ्लोरिडाच्या विजेत्या संघाचे तीन आधारस्तंभ आयोना, फ्लोरिडा अटलांटिक आणि बेलमॉन्ट इथून आलेले होते. पेन्सिल्व्हेनियातल्या सेंट फ्रान्सिस विद्यापीठाने तर मार्च २०२५ मध्ये पहिल्या श्रेणीतून बाहेर पडून तिसऱ्या श्रेणीत जाण्याचेच ठरवले. पण इंडियानाचेच उदाहरण उलट बाजूने वाचून पाहावे. ३० नोव्हेंबर २०२३ ला इंडियानाने व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठाचे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांना नेमले आणि त्यांच्यामागून तिथले डझनभराहून अधिक खेळाडू ब्लूमिंग्टनला आले. जेम्स मॅडिसन रिकामे झाले, असे तेव्हा म्हटले गेले. दोन वर्षांनी, २०२५ च्या हंगामात, तेच जेम्स मॅडिसन नवा प्रशिक्षक आणि नवे खेळाडू घेऊन राष्ट्रीय बाद फेरीत पोहोचले. ज्या दाराने खेळाडू गेले त्याच दाराने दुसरे आले. तरीही ज्याने दोन वर्षे मुलगा घडवला त्याला काहीच मिळू नये हे अन्यायाचेच आहे. जागतिक फुटबॉलमध्ये, म्हणजे पायाने खेळतात त्यात, फिफाच्या नियमाने खेळाडूच्या बदली-शुल्कातला ५ टक्के वाटा त्याला १२ ते २३ वर्षांच्या वयात घडवणाऱ्या क्लबांना मिळतो. इथेही असा वाटा ठरवता येईल, पण बदली-शुल्कासाठी आधी मुदतीचा करार लागतो, आणि आपण पुन्हा त्याच दाराशी येतो.

आता ‘विकत घेतलेले विजेतेपद’ याकडे वळू. इंडियानाने काय केले हे तपशिलात पाहिले तर दोन्ही तटांची मांडणी कोसळते. सिग्नेटी यांनी नावाजलेली शाळकरी मुले जमवली नाहीत. वरच्या पातळीवर प्रत्यक्ष किती सामने खेळला, किती टॅकल केले, किती झेल घेतले याच्या नोंदी असलेले, वयाने मोठे खेळाडू घेतले. महत्त्वाचे म्हणजे त्यातले बरेच खेळाडू सिग्नेटींच्याच पद्धतीत आधी घडलेले होते. एलाइजा सॅरट आणि डीअँजेलो पाँड्स जेम्स मॅडिसनमधून त्यांच्याबरोबर आले आणि २०२५ च्या विजेत्या संघातही होते. बचावाची आखणी करणारे ब्रायंट हेन्स आणि आक्रमणाची आखणी करणारे माइक शॅनहन हे सहायकही सोबत आले. म्हणजे चाली, खुणा, सरावाची शिस्त यांचे सातत्य एका विद्यापीठातून उचलून दुसऱ्यात नेले गेले. पोर्टलमधून नेमकी भर पडली, त्यातली सर्वांत मोठी म्हणजे कॅलिफोर्नियाहून आलेला क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा, ज्याने पहिल्याच वर्षी हाइझमन करंडक, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळवला. पैसा लागलाच. पण त्याच मर्यादेत त्याहून श्रीमंत देणगीदार असलेली कितीतरी विद्यापीठे घरी बसली. फरक पडला तो टिकून राहण्याने.

याच विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ शेजारीच आहे. पाच राष्ट्रीय विजेतेपदे (१९४०, १९५३, १९७६, १९८१, १९८७) आणि १९७६ चा ३२-० हंगाम. त्यानंतर आजवर एकाही पुरुष संघाने अपराजित राहून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेले नाही. तो संघ एका वर्षात उभा राहिलेला नव्हता. आदल्या वर्षी, १९७५ मध्ये, तोच संच अपराजित असताना केंटकीकडून ९२-९० असा हरला होता. स्कॉट मेचा हात मोडलेला होता. ती मुले परत आली आणि वर्षभरात राहिलेले काम पुरे केले. मार्च २०२५ मध्ये मात्र याच संघाला डॅरियन डेव्ह्रीस हे नवे प्रशिक्षक मिळाले, जे वेस्ट व्हर्जिनियात एकच हंगाम राहिले होते, आणि आधीच्या वर्षी खेळलेला जवळजवळ कोणीही उरला नाही; संघ पोर्टलमधून नव्याने जुळवावा लागला. उन्हाळ्याच्या आठ आठवड्यांत पंधरा अनोळखी माणसांना एकमेकांची सवय लावणे हे काम काय असते ते प्रशिक्षकांना विचारावे. पिक-अँड-रोलच्या, म्हणजे सहकाऱ्याने बचावपटूची वाट अडवून दिलेल्या चालीच्या, बचावात कोण कधी अदलाबदल करणार, हे डोळ्यांनीच कळावे लागते. ते तोंडाने सांगेपर्यंत समोरचा बास्केटपाशी पोहोचलेला असतो. सातत्याला किंमत आहे, हे मोकळीकवाल्यांनी मान्य केले पाहिजे. ती किंमत कोणी कोणाला द्यायची, हा खरा प्रश्न.

आजवर ती एकट्या खेळाडूने दिली. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या पत्नीने कामगार भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कॉलेजचा फुटबॉल हा काही धंदा नाही, म्हणून तो कामगार नाही. एनसीएएने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला तो अशा दाव्यांना तोंड देण्यासाठीच. वॉल्टर बायर्स या त्यांच्याच कार्यकारी संचालकांनी पुढे ते लिहून ठेवले आहे. १९७३ मध्ये चार वर्षांच्या स्कॉलरशिप एकेक वर्षाच्या करण्यात आल्या, म्हणजे प्रशिक्षकाला मुलगा आवडेनासा झाला तर दर उन्हाळ्यात सोडून देता येई. ‘दर वर्षी सगळे मोकळे’ ही व्यवस्था पोर्टलने आणलेली नाही. ती विद्यापीठांनी पन्नास वर्षांपूर्वी आणली, फक्त दार एकाच बाजूने उघडत होते. प्रशिक्षकांचे दार तर कायम उघडेच होते. ३० नोव्हेंबर २०२५ ला लेन किफिन यांनी ११-१ अशा स्थितीत बाद फेरीच्या उंबरठ्यावर असलेला ओल मिसचा (मिसिसिपी विद्यापीठाचा) संघ सोडून एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) गाठले. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना काढले तेव्हा साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणे लागत होते. प्रशिक्षकाच्या जाण्या-येण्याने कोणी ‘खेळ संपला’ म्हणत नाही, कारण त्याच्याकडे करार असतो आणि करार मोडण्याची किंमत त्यात लिहिलेली असते.

बेसबॉलच्या इतिहासात या पेचाचे हुबेहूब चित्र आहे. डिसेंबर १९७५ मध्ये पीटर सीट्झ या लवादाने खेळाडूला आयुष्यभर एका संघाशी बांधणारे कलम मोडीत काढले. मालक म्हणाले, बेसबॉल बुडाला. त्यांच्यातले एक, ओकलंडचे चार्ली फिन्ली, वेगळेच म्हणाले: मग करा सगळ्यांनाच दर वर्षी मोकळे. खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर यांना नेमकी याच प्रस्तावाची धास्ती होती. दर वर्षी सगळेच बाजारात उतरले तर पुरवठा एवढा वाढेल की बहुतेकांचा भाव कोसळेल, हे त्यांनी ओळखले होते. मालकांनी फिन्लींचे ऐकले नाही. १९७६ मध्ये वाटाघाटीतून ठरले की सहा वर्षे सेवा झाल्यावर मोकळीक. खेळाडूंना भाव मिळाला, संघांना सहा वर्षांचे सातत्य मिळाले. विद्यापीठीय खेळ आज फिन्लींच्या प्रस्तावावर चालतो आहे आणि समोर बसायला मिलर नाहीत. यादीत अडकलेली ती मुले, ज्यांचा फोन वाजत नाही, ती त्या पुरवठ्याची किंमत आहेत.

त्याच १९७६ मध्ये व्यावसायिक फुटबॉलमधल्या मॅकी खटल्यात संघीय अपील न्यायालयाने एक सूत्र दिले, ज्याकडे आजच्या वादात फार थोडे पाहतात. खेळाडूंच्या बदलीवर मालकांनी एकतर्फी घातलेले बंधन स्पर्धाविरोधी कायद्याखाली रद्द होऊ शकते. तेच बंधन खेळाडूंच्या संघटनेशी खऱ्या, तुल्यबळ वाटाघाटीतून आले असेल तर कायद्याचे संरक्षण मिळते. व्यावसायिक फुटबॉलच्या एनएफएलची वेतनमर्यादा, व्यावसायिक बास्केटबॉलच्या एनबीएचा ड्राफ्ट (नवे खेळाडू संघांत वाटून देण्याची पद्धत) या सूत्रावर उभे आहेत. एनसीएए सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या ऑल्स्टन निकालात ९-० अशी का हरली, पुढे एकामागून एक मनाई-आदेश का निघत गेले, याचे उत्तर इथेच आहे. तिच्या नियमांना समोरच्या पक्षाची सही नाही. पोर्टलची मुदत पंधरा दिवसांची करा किंवा पाच, पात्रतेची वर्षे चार करा किंवा पाच. सही नसेल तर पुढच्या कोर्टात ते टिकेल याची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

विद्यापीठांनी काढलेली पळवाट म्हणजे वॉशिंग्टनला जाऊन कायद्याचे कवच मागणे. ‘स्कोर’ विधेयकात तेच आहे: एनसीएएला स्पर्धाविरोधी कायद्यातून सूट, आणि खेळाडू कर्मचारी नाहीत अशी कायमची नोंद. डिसेंबर २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहात त्यावरचे मतदान ऐनवेळी बाजूला ठेवावे लागले. एका पक्षाला कवच आणि दुसऱ्याचे तोंड बंद, याला तडजोड म्हणत नाहीत. सूट द्यायचीच तर एका अटीवर द्यावी: खेळाडूंनी निवडलेल्या प्रतिनिधींशी वाटाघाट करून ठरलेल्या नियमांनाच ती लागू होईल.

यावर म्हणतात की सार्वजनिक विद्यापीठांत हे शक्यच नाही. अडचण खरी आहे. संघीय कामगार कायदा खासगी मालकांनाच लागू होतो, आणि बिग टेनच्या १८ सदस्यांत खासगी दोनच, नॉर्थवेस्टर्न आणि यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ). नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलपटूंना २०१४ मध्ये राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या विभागीय अधिकाऱ्याने कर्मचारी ठरवले, पण २०१५ मध्ये त्याच राष्ट्रीय मंडळाने हात वर केले, कारण एका संघाची युनियन सगळ्या गटाचा तोल बिघडवेल. पण सार्वजनिक विद्यापीठ आणि सामूहिक करार हे एकत्र नांदूच शकत नाहीत, हे खोटे आहे. याच बिग टेनमधल्या मिशिगन विद्यापीठाचा पदव्युत्तर अध्यापन-सहायकांशी पहिला सामूहिक करार १९७५ मध्ये झाला आणि आजही होतो. इंडियानात मात्र २०२२ च्या वसंतात अशाच सहायकांनी संघटनेच्या मान्यतेसाठी संप केला आणि प्रशासनाने ती दिली नाही. म्हणजे आडवे येते ते बरेचसे मनाची तयारी नसणे. कायद्यातली फट भरायला संसद आहे.

‘पण मग ते विद्यार्थी राहणार नाहीत.’ हा आक्षेप मराठी घरांत तरी टिकू नये. पुण्या-नागपुराहून तिकडे शिकायला गेलेला मुलगा ग्रंथालयात किंवा भोजनगृहात काम करतो, विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. विद्यापीठ त्याला पगाराची पावती देते. त्याचे विद्यार्थीपण कोणी नाकारते का? गंमत नाही, पण आकडा तोच आहे: एनसीएएच्या नियमाने हंगामात खेळाडूकडून सक्तीचे काम आठवड्याला २० तासच घेता येते. प्रवास, उपचार, ‘स्वेच्छेने’ पाहिलेल्या चित्रफिती त्यात धरत नाहीत आणि सामन्याचा अख्खा दिवस तीन तासांचा मोजतात. ताटे उचलणारा कर्मचारी ठरतो, आणि भरलेल्या मैदानात गुडघा पणाला लावणारा ठरत नाही.

करार नाकारल्याने विद्यापीठांना स्थैर्य मिळाले का? आता तीच विद्यापीठे मागच्या दाराने करार करू लागली आहेत, फक्त त्यांना नोकरीचे म्हणत नाहीत. खेळाडूच्या नाव-प्रतिमेचा परवाना घेतल्याचे म्हणतात. जानेवारी २०२६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या क्वार्टरबॅकने असा करार करून काही दिवसांतच पोर्टलची घोषणा केली आणि कायदेशीर कारवाईची चाहूल लागताच तो परतला. त्याच महिन्यात ड्यूकचा क्वार्टरबॅक करार शिल्लक असताना निघाला. ड्यूक न्यायालयात गेले, तडजोड झाली, आणि तो मायामीला गेला. दोन्ही प्रकरणांत भांडण होते छायाचित्र वापरण्याच्या हक्काचे, तर खरा वाद होता तो चेंडू कोण फेकणार याचा. खोट्या नावाचा करार न्यायालयात खऱ्या कामाला येत नाही. नुकसान किती झाले हे प्रतिमेच्या भाषेत सिद्ध करावे लागते. त्याऐवजी सरळ लिहा: दोन हंगामांची मुदत, आधी गेल्यास किंवा काढल्यास किती भरायचे ते दोन्ही बाजूंनी सारखे, मुख्य प्रशिक्षक बदलल्यास खेळाडू विनामूल्य मोकळा, पोर्टल अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी उघडेल आणि त्यासाठी नावनोंदणीची तारीख विद्यापीठे पुढे ढकलतील, छोट्या खेळांसाठी वाटणीतला ठरावीक हिस्सा राखीव, म्हणजे जलतरण-कुस्तीच्या मुलांवर दर उन्हाळ्यात टांगती तलवार नको.

आणि दुखापतीचे कलम. ऑगस्ट २०२४ पासून पहिल्या श्रेणीतल्या विद्यापीठांना खेळातून झालेल्या दुखापतीवरचा उपचारखर्च खेळाडू बाहेर पडल्यावर दोन वर्षे द्यावा लागतो. एकविसाव्या वर्षी फाटलेल्या गुडघ्याच्या अस्थिबंधाचा संधिवात चाळिशीत येतो, डोक्याला बसलेल्या धक्क्यांचा परिणाम त्याहूनही उशिरा. दोन वर्षे हा आकडा एनसीएएने एकटीने ठरवला. डेनिसनच्या पत्नीने जे मागितले होते ते या आकड्यात अजूनही बसत नाही, आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कोणी बसले असते तर पहिली दुरुस्ती याच ओळीवर सुचवली गेली असती.